तीर म्हणजे जवळ

भिलाईची पोस्टिंग आली तेव्हा वाटलं होतं, चला, आता दोन-तीन वर्षं निवांत. दुर्ग-भिलाईच्या एनसीसी कॅडेट पोरांना ड्रिल शिकवायची, रायफल खोलजोड करून दाखवायची, कॅम्प लावायचे आणि रविवारी सकाळी पोहे-जलेबी खायची. लढाई हा विषय आता घरात येणार नाही. पण आला, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर येऊन बसला.

माझी लेक यंदा अकरावीला आहे. दर रविवारी संध्याकाळी तिचे चार मित्र-मैत्रिणी आमच्याकडे जमतात. भिलाईला लोक 'मिनी भारत' म्हणतात, ते या सतरंजीवर दिसतं. एक बंगाली, एक मल्याळी, एक आमच्यासारखीच मराठी आणि एक इथलाच छत्तीसगढी पोरगा. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी स्टील प्लांटमध्ये. खेळतात ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सुरुवातीला मला वाटलं, मोबाईलवरचं काही असेल. पण नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडाची वाफ, बस्स. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, कुणी जादूगार. माझी लेक सूत्रधार. ती सांगते, 'समोर पडका वाडा आहे, आतून आवाज येतोय, काय करणार?' मग पोरं ठरवतात आणि फासा टाकून निकाल लागतो.

निवृत्त मंडळींना सांगतो, हे आपल्या सँड मॉडेलसारखंच आहे. आणि ते नुसतं सारखं नाही, नात्यातलं आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने 1824 मध्ये अधिकाऱ्यांसाठी नकाशावर फासे टाकून लढाई खेळायची पद्धत पक्की केली. त्यातून पुढे शिशाच्या सैनिकांचे खेळ आले. त्या खेळांतून 1974 मध्ये अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला. म्हणजे आपल्या वाळूच्या ढिगाचा हा पणतू म्हणा.

तर भांडण असं झालं. त्या छत्तीसगढी पोराने तलवारवाला घेतला होता. सलग तीन रविवार तो शत्रूपर्यंत पोचायच्या आत तिरंदाजाने सगळे लोळवले. चौथ्या रविवारी तो आला नाही. मी त्याला बाजारात गाठलं तर म्हणाला, ''अंकल, मैं वहाँ पहुँचता हूँ तब तक सब मर चुके होते हैं. मेरा काम ही क्या है?''

घरी आल्यावर लेक म्हणाली, ''बाबा, तुम्ही फौजी ना? मग तुम्हीच सांगा, तलवार आणि धनुष्य यांचा हिशेब कसा जुळवायचा? तलवारीचा मार वाढवू का?''

मी म्हटलं, ''आधी पुस्तक दाखव.'' तीन रात्री ते वाचलं. आता माझं मत सांगतो, आणि हा लेख त्याचसाठी आहे: तलवारीचा मार वाढवून काहीही जुळणार नाही. दुरून मारणं आणि जवळ जाणं ही एकाच कामाची दोन हत्यारं नाहीत, ही दोन वेगळी कामं आहेत. खेळ बिघडतो तो तलवार कमजोर असते म्हणून नाही. दुरून मारणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही आणि जवळ जाणाऱ्याला काम उरत नाही, म्हणून बिघडतो.

आधी आकडे बघू. पोरं 2014 चं पुस्तक वापरतात. त्यात लांब धनुष्याचा मार आठ बाजूंच्या एका फाशाचा, आणि एका हाताने धरलेल्या लांब तलवारीचाही तेवढाच. धनुष्य 150 फुटांपर्यंत नीट लागतं, थोड्या अडचणीने 600 फुटांपर्यंत. तलवार पोचते 5 फूट. तलवारवाला एका पाळीत चालतो 30 फूट, हल्ला सोडून नुसता धावला तर 60. पाळी असते 6 सेकंदांची. म्हणजे 150 फुटांवरच्या शत्रूपाशी पोचायला पहिल्या दोन पाळ्या धावण्यात गेल्या, तिसऱ्या पाळीत कुठे पहिला वार. तोवर तिरंदाज निवांत बाण सोडतोय.

आता गंमत बघा. 6 सेकंदांत 60 फूट म्हणजे सेकंदाला साधारण 3 मीटर. आपल्या बीपीईटीमध्ये सामान आणि रायफल घेऊन 60 मीटरची धाव असते. या खेळातल्या वीराला त्या धावेला 20 सेकंद लागतील. कुठलाही उस्ताद त्याला मैदानाबाहेर काढेल! म्हणजे खेळाने धावणाऱ्याचे पाय आधीच बांधून ठेवले आहेत, आणि मग आपण विचारतो, हा पोचत का नाही?

दुसऱ्या बाजूला तिरंदाजाच्या अडचणी पुस्तकात लिहिलेल्या आहेत, पण एकेक करून पुसायची सोयही तिथेच आहे. शत्रू अंगाशी आला तर नेम बिघडतो, पण एक खास कौशल्य घेतलं की बिघडत नाही. आडोशामागचा शत्रू लागायला कठीण, पण दुसरं कौशल्य घेतलं की सोपा. लांबचा नेम अवघड, तोही त्याच कौशल्याने सुटतो. मध्ये आपला माणूस उभा असला तरी नेहमीच्या नियमात बाण त्याला लागत नाही, फार तर शत्रूला थोडा आडोसा मिळतो. भात्यात 20 बाण मावतात, पण मोजतो कोण? आमच्या सतरंजीवर तर कुणीच मोजत नव्हतं.

ज्याने खरा फायर केला आहे त्याला हे वाचून हसू येईल. मला मात्र आलं नाही. त्याचं कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये एका गावात आमच्या पार्टीने एक घर घेरलं होतं. गावाचं नाव, सालसुद्धा सोडा. मी गल्लीच्या पलीकडे अक्रोडाच्या झाडामागे होतो. समोरची खिडकी माझी. माझा बडी दाराकडे सरकला. शिकवलेलं तसंच, फायर और हरकत: एक जण फायर देतो, दुसरा हलतो. मी खिडकीवर फायर ठेवला आणि तो आत गेला. तो आत शिरला त्या क्षणी माझी रायफल मुकी झाली. आत कोण कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. पुढचे सात-आठ सेकंद मी नुसता झाडामागे बसून होतो आणि तो आत एका हाताने कुणाची तरी नळी वर ढकलत होता. तो बाहेर आला तेव्हा उजव्या पंजाला पुढे नऊ टाके पडले. संध्याकाळी शाबासकी मिळाली ती दोघांना सारखी. मी घेतली, पण गेली इतकी वर्षं मला माहीत आहे की त्या दिवशी तिरंदाज मी होतो.

म्हणून तो पोरगा 'मेरा काम ही क्या है' म्हणाला तेव्हा मला ते खेळापुरतं वाटलं नाही.

आता इतिहास. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होणाऱ्या प्रत्येक पोराला नाईक यशवंत घाडगे यांचं नाव बेळगावच्या सेंटरमध्येच कळतं. माणगाव तालुक्यातला, आताच्या रायगड जिल्ह्यातला हा 22 वर्षांचा गडी. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. जवळच्या अंतरावरून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावले. आधी ग्रेनेड टाकला, गन आणि ती चालवणारा दोन्ही गेले. मग टॉमीगनने एकाला टिपलं. अजून दोघे उरले होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही गोष्ट सांगताना आपण शेवटचा दस्ता तेवढा सांगतो. पण नीट बघा, त्या काही क्षणांत सगळं आहे. ग्रेनेड थोड्या अंतरावरून, टॉमीगन त्याहून जवळून, दस्ता हातभरावरून. प्रत्येक हत्याराचं स्वतःचं अंतर, आणि अंतर बदललं की हत्याराची किंमत बदलते. हातभरावर आल्यावर जगातली उत्तम टॉमीगनसुद्धा लोखंडाचा दांडका होते. आणि शेवटी ते पडले ते दुरून आलेल्या गोळीने. म्हणजे ही गोष्ट तलवारीची बाजू घेत नाही आणि धनुष्याचीही नाही. मला खेळात हेच हवं आहे.

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर असई घ्या, आपल्या जालना जिल्ह्यातली. 23 सप्टेंबर 1803. शिंद्यांचा तोफखाना त्या काळी हिंदुस्थानातल्या उत्तम तोफखान्यांपैकी एक होता, शंभरच्या आसपास तोफा मैदानात. बरोबर नागपूरकर भोसले, ज्यांच्या ताब्यात तेव्हा हा छत्तीसगड मुलूख होता. तोफांनी वेल्स्लीच्या फौजेची दाणादाण उडवली, पण त्याचं पायदळ त्या माऱ्यातून चालत राहिलं आणि संगिनी लावून तोफांवर आलं. गोलंदाजांनी जागा सोडली नाही, कित्येक जण तोफेपाशीच कापले गेले. काही मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. इतकं करूनही मैदान गेलं. गोलंदाज कमी पडले नाहीत. अंतर संपलं आणि अंतर राखायला समोर पुरेसं कुणी उरलं नव्हतं.

उलटा धडा पानिपतचा. 14 जानेवारी 1761 ला इब्राहिमखान गारद्याकडे तोफा होत्या, कवायती बंदुकवाले होते. काशीराज पंडिताच्या हकिगतीप्रमाणे रोहिल्यांवर संगिनींनी तुटून पडताना त्याने आपल्या बाजूचा तोफा-बंदुकांचा मारा थांबवायला सांगितला. थांबवावाच लागतो. पुढे आपली माणसं गेली की मागची तोफ गप्प. खेळातल्या तिरंदाजाला मात्र हा प्रश्नच पडत नाही. मित्राच्या खांद्यावरून तो बिनधास्त बाण सोडतो.

आता कुणी म्हणेल, सुभेदार साहेब, या सगळ्या जुन्या गोष्टी झाल्या, आता ड्रोनचा जमाना आहे. मान्य. पण 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये काय झालं ते आठवा. 1996 च्या करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही असं ठरलेलं. जगातल्या दोन मोठ्या अण्वस्त्रधारी फौजा दगड, सळ्या आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी लढल्या. कर्नल संतोष बाबूंसह आपले 20 जण गेले. नियम बदलला की अंतर बदलतं. तो नियम करारात लिहिलेला असो की माझ्या लेकीच्या वहीत.

तर मी तिला पाच गोष्टी लिहून दिल्या. ज्या घरांत हा खेळ चालतो त्यांनी करून बघाव्यात.

पहिली, मैदान बदल. तिच्या सगळ्या लढाया मोकळ्या माळावर व्हायच्या. मोकळ्या माळावर दुरून मारणाराच जिंकणार, त्यात नवल काय? बाजीप्रभूंनी 1660 मध्ये घोडखिंड निवडली ती उगाच नाही. अरुंद जागेत मागच्या हजारांचा उपयोग पुढच्या दहांना होत नाही. खिंड घाल, वळणाचा जिना घाल, धूर, धुकं, रात्र घाल. 150 फुटांचा नेम 150 फूट दिसलं तरच कामाचा.

दुसरी, धावणाऱ्याचे पाय सोड. सरळ रेषेत शत्रूवर चाल करून जात असेल तर 60 च्या जागी 90 फूट जाऊ दे. तरीही 60 मीटरला त्याला 13 सेकंद लागतील, म्हणजे फार लाड केले असं कुणी म्हणणार नाही.

तिसरी, बाण मोज. 20 म्हणजे 20. पुस्तकातच लिहिलंय की लढाई संपल्यावर मिनिटभर शोधलं तर निम्मे परत मिळतात. पण मैदान आपल्या ताब्यात राहिलं तरच ना! आणि ते ताब्यात ठेवणार कोण? तलवारवाला.

चौथी, आपला माणूस मध्ये असेल आणि नेम थोडक्यात चुकला, तर बाण त्याला लागू शकतो. मग तिरंदाजाला मारायच्या आधी बोलावं लागेल: 'डावीकडे सरक, मी सोडतोय.' जे बोलत नाहीत ते एकमेकांना मारतात.

पाचवी सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक लढाईत असं एक काम ठेव जे दुरून होतच नाही. दार बंद करायचं आहे, दोर कापायचा आहे, जखमीला ओढून आणायचं आहे, पूल दहा पाळ्या धरायचा आहे. शत्रू मारून संपवणं एवढंच काम ठेवलं तर जो लांबून मारतो तोच हुशार ठरणार. फौजेत कुठल्याही ऑर्डरमध्ये 'सगळ्यांना मारा' एवढंच नसतं. ती टेकडी घ्या, तो रस्ता धरा, असं असतं. आणि जमीन बाणाने धरता येत नाही, तिच्यावर उभं राहावं लागतं.

बंगाली पोरगा, म्हणजे आमचा तिरंदाज, हे ऐकून फुगला. म्हणाला, ''अंकल, यह तो मेरी सज़ा हो गई.'' त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. त्याने हुशारीने पात्र बांधलं होतं, पुस्तकातले नियम पाळले होते. इतिहासही त्याच्या बाजूने आहे, तलवार गेली आणि बंदूक राहिली. मी त्याला एवढंच म्हटलं, ''बेटा, तुझं एक बाणही कमी केलेलं नाही. फक्त ते कधी सोडायचे हा विचार तुझ्या गळ्यात घातलाय. तिरंदाजी म्हणजे तेच.'' त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. पाचपैकी चौथा नियम त्याने अजून मान्य केलेला नाही, आणि दर रविवारी त्यावर वाद होतो.

त्या छत्तीसगढी पोराला परत आणायला मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील ब्लास्ट फर्नेसवर आहेत. भिलाईची पहिली भट्टी 1959 मध्ये पेटली, त्यांच्या वडिलांनीही तिथेच नोकरी केली. चहा घेताना मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. पोरांच्या खेळासाठी एक सुभेदार घरी आला याचं त्यांना हसू आलं असणार, पण दाखवलं नाही. मी सहज विचारलं, आता तर भट्टीवर सगळं यंत्रावर आलं असेल ना, लांब बसून बटण दाबायचं? ते म्हणाले, ''मशीन ह सब करथे भैया, फेर देखे बर मनखे ला तीर म जाय ल परथे.''

मी 'तीर' शब्दावर अडकलो. मला वाटलं बाणाचं काही बोलतायत. मग पोराने समजावलं. छत्तीसगढीत 'तीर' म्हणजे जवळ. 'मोर तीर आ' म्हणजे माझ्याजवळ ये. यंत्र सगळं करतं, पण बघायला माणसाला जवळ जावंच लागतं.

आपल्याकडे तीर म्हणजे दूर जाणारा. इथे तीर म्हणजे जवळ. इतकी वर्षं नोकरी करून मला जे दोन तास बोलून सांगता येत नाही ते या बोलीत एका शब्दात बसलंय.

पुढच्या रविवारी पोरगा आला. लेकीने पडका किल्ला रचला होता, आत एक अरुंद दार. मागे गावातली माणसं पळतायत, दार आठ पाळ्या धरायचं. तलवारवाला दारात उभा राहिला. तिरंदाज वरच्या माळ्यावरून बाण मोजून सोडत होता आणि दर वेळी ओरडून विचारत होता, ''बाएँ हो जा, बाएँ!'' सातव्या पाळीत तलवारवाला पडला. आठवी पाळी तिरंदाजाने खाली उडी मारून, सुरा काढून दारात काढली. गाव वाचलं.

ज्याचं पात्र मेलं तो पोरगा जाताना इतका खूश होता की चप्पल विसरून गेला. मी ती दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

माझा बडी आता निवृत्त होऊन गावी शेती करतो. थंडीत पंजा आखडतो म्हणतो. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्याला फोन केला. खेळाचं सांगितलं तर आधी त्याला काही कळेना, मग म्हणाला, ''अरे, पण तू खिडकीवर फायर ठेवला नसतास तर मी दारापर्यंत पोचलोच नसतो की.'' हे त्याने पूर्वीही सांगितलं असेल. मी ऐकलं पहिल्यांदा.

निवृत्त मंडळींनी सहावा नियम सुचवावा. पोरं वाट बघतायत, आणि बंगाली पोरगा चौथा रद्द होण्याची.

जय हिंद.